कशाच्या बदल्यात?

दुपारी चार वाजता मला भूक लागते. खरी भूक की नुसता कंटाळा, हे पन्नाशी उलटली तरी मला नीट ओळखता येत नाही. हाताशी जे असेल ते तोंडात जातं. मागच्या महिन्यात हाताशी एक बार होता. "हे खास आपल्यासाठी आलंय गं," असं म्हणत मैत्रिणीने दिलेला. वेष्टन फिकट गुलाबी, त्यावर उमललेलं फूल, जवसाच्या बियांचं चित्र आणि खाली एक ओळ: 'मेनोपॉजनंतरच्या संतुलनासाठी'. संतुलन कशाचं, ते कुठे लिहिलेलं नव्हतं.

चष्मा लावून मागची बाजू वाचली. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे, असा नियम बहुतेक देशांत आहे. म्हणजे पहिलं नाव ते सगळ्यात जास्त, शेवटचं ते चवीपुरतं. पहिला होता खजुराचा लगदा. दुसरं तांदळाचं सिरप. मग ओट्स, चिकोरीच्या मुळापासून काढलेलं फायबर, तेल, कोको. समोर ज्याचं चित्र होतं ते जवस सातव्या नंबरावर, मिठाच्या अगदी आधी. मग मी बार खाल्ला. चांगला लागला, हेही सांगून टाकते.

या बारची टिंगल करायला मी बसलेले नाही. तो ज्या प्रश्नाचं उत्तर असल्याचा आव आणतो, तो प्रश्न खरा आहे. माझं एलडीएल, म्हणजे 'वाईट' समजलं जाणारं कोलेस्टेरॉल, दोन तपासण्यांच्या मधल्या काळात चढलं, तेव्हा डॉक्टरांनी 'या वयात होतंच' असं म्हणून कागद परत दिला. होतंच, हे मलाही दिसत होतं. पुढे काय करायचं ते विचारायला मी गेले होते. दवाखान्यात ज्याचं उत्तर दोन शब्दांत मिटतं, त्याचं उत्तर दुकानातलं फडताळ लांबलचक देतं. त्यामुळे आपण फडताळाकडे वळतो, यात बायकांचा भाबडेपणा कमी आणि गरज जास्त आहे.

शरीरात होतं काय, ते आधी पाहू. इस्ट्रोजेन म्हणजे पाळीचं आणि बाळंतपणाचं हार्मोन, अशी आपली समजूत असते. पण ते यकृतातही राबत असतं. रक्तातलं एलडीएल उचलून आत घेणारे रिसेप्टर यकृताच्या पेशींवर असतात. ते पुरेसे राहावेत म्हणून इस्ट्रोजेन मदत करतं. ते ओसरलं की उचल मंदावते आणि कोलेस्टेरॉल रक्तातच फिरत राहतं. चरबी कुठे साठवायची, यातही त्याचा मोठा वाटा असतो. मांड्या आणि नितंबांवरची चरबी त्या मानाने गरीब स्वभावाची. पोटातल्या अवयवांभोवती साचणारी मात्र उपद्व्यापी: तिच्यातली मेदाम्लं सरळ यकृताकडे जातात, यकृत इन्शुलिनला दाद देईनासं होतं आणि जेवणानंतरची साखर पूर्वीपेक्षा वर चढते, उशिरा उतरते.

अमेरिकेत 1996 साली 'स्वान' नावाचा एक अभ्यास सुरू झाला. 3,302 स्त्रियांना पाळी सुरू असतानाच गाठायचं आणि ती गेल्यानंतरही वर्षानुवर्षं तपासत राहायचं, अशी त्याची चिकाटीची पद्धत. त्यातून दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. शेवटच्या पाळीच्या आसपासच्या वर्षात एलडीएल झपाट्याने वाढतं. हा केवळ वयाचा हळूहळू चढणारा जिना नव्हे, मधली एक पायरी चांगलीच उंच आहे. दुसरी गोष्ट वजनाची. काट्यावरचं वजन मुख्यतः वयाबरोबर वाढतं, पण त्या वजनाच्या आतला हिशेब मेनोपॉजच्या उंबरठ्यावर बदलतो: चरबी वाढण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, स्नायू झिजू लागतात आणि शेवटच्या पाळीनंतर दोनेक वर्षं हे चालूच राहतं. काटा तेच सांगतो, कमरेचा पट्टा वेगळंच सांगतो, आणि दोघंही खरं बोलत असतात. जेवणानंतर रक्तातली साखर सगळ्यात जास्त कोण शोषून घेत असेल तर ते स्नायू. म्हणून स्नायूंची ही झीज केवळ दिसण्याचा किंवा ताकदीचा प्रश्न उरत नाही.

या सगळ्यावर इलाज म्हणून दुकानं का पुढे आली, त्याला 2002 सालची एक घटना बरीचशी कारण आहे. 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या मोठ्या अमेरिकी चाचणीतला इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन ही दोन हार्मोन एकत्र देण्याचा भाग धोके दिसल्यामुळे मुदतीआधी थांबवला गेला. हार्मोन घेतल्याने हृदय राखलं जाईल, ही अपेक्षा फोल ठरली. पुढे फेरतपासणीत कळलं, की वय किती आणि पाळी जाऊन किती वर्षं झाली यावर धोका बराच बदलतो. पण तोवर जगभर हार्मोनच्या चिठ्ठ्या धडाधड कमी झाल्या होत्या आणि 'मग आता काय घ्यायचं' हा प्रश्न लाखो घरांत उघडा पडला होता. 'नैसर्गिक', 'वनस्पतिजन्य', 'सौम्य' हे शब्द त्या पोकळीत अलगद बसले.

त्याच चाचणीचा एक भाग आहाराचा होता, त्याची आठवण फारसं कुणी काढत नाही. मेनोपॉज होऊन गेलेल्या 48,835 स्त्रिया, त्यांतल्या एका गटाला कमी चरबीचा आहार, साधारण आठ वर्षं पाठपुरावा. 2006 साली निकाल आला: हृदयविकारात लक्षणीय घट नाही. चरबी कमी करा असं सांगणं सोपं होतं. तिच्या जागी ताटात काय येतं, तो भाग अवघड होता. ही चाचणी चालू होती त्याच काळात दुकानांत 'लो फॅट' बिस्किटांच्या रांगा लागल्या होत्या आणि त्यांत चरबीच्या जागी साखर भरलेली होती. आज 'फंक्शनल स्नॅक' म्हणून जे खपतं, त्याचा थोरला भाऊ तो.

'फंक्शनल फूड' ही कल्पना मुळात चांगल्या घरची आहे. 1980च्या दशकात जपानमध्ये ती रुजली आणि 1991 साली तिथल्या सरकारने अशा अन्नासाठी खास परवाना सुरू केला. त्यातली मला सगळ्यात आवडणारी अट अशी, की परवाना त्या विशिष्ट पदार्थाला मिळायचा. त्यातल्या एखाद्या घटकाची कीर्ती पुरायची नाही. तयार पदार्थ खाऊन काय होतं, याचा पुरावा सरकारपुढे ठेवावा लागायचा. पुढे 2015 साली जपानने एक सोपी वाट काढली: कंपनीने पुरावा आपणच जमवायचा, सरकारला नुसतं कळवायचं. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या म्हणून याच वाटेने बाजारात आलेल्या, लाल बुरशीवर आंबवलेल्या तांदळाच्या गोळ्यांनी 2024 मध्ये अनेकांची मूत्रपिंडं बिघडवली. गोळी आणि खाऊ या वेगळ्या गोष्टी आहेत, मान्य. पण वाट तीच आहे.

युरोपात 2006 साली आरोग्याच्या दाव्यांसाठी कायदा झाला. हजारो दावे छाननीला आले आणि 2012 च्या यादीत 222 शिल्लक राहिले. त्याच वर्षी युरोपियन अन्नसुरक्षा प्राधिकरणाने सोयाबीनमधल्या आयसोफ्लेवोन या इस्ट्रोजेनसारख्या संयुगांबद्दलचे दोन दावे अमान्य केले: अंगातून येणाऱ्या गरम वाफा कमी होतात हा एक, हाडं टिकतात हा दुसरा. आयसोफ्लेवोन विषारी आहेत असं त्याचा अर्थ कुणी लावू नये. पुरावा दाव्याला पुरेसा नाही, इतकंच. यात आणखी एक मेख आहे. सोयातल्या डाइडझीन या आयसोफ्लेवोनपासून आतड्यातले जिवाणू 'इक्वॉल' नावाचं जास्त प्रभावी संयुग बनवतात, पण सगळ्यांच्या आतड्यात ते जिवाणू नसतात. पाश्चात्त्य देशांत चारांतल्या एकीच्या, फार तर तिघींतल्या एकीच्या पोटात इक्वॉल बनतं. जपानमध्ये निम्म्याहून जास्त जणींच्या. म्हणजे एकच बार दोन बहिणींनी खाल्ला तरी तो दोन वेगळे पदार्थ ठरू शकतो. वेष्टनावर हे कुठे लिहिणार?

मान्य झालेल्या दाव्यांचंही गणित करून पाहायला हवं. ओट्समधलं बीटा-ग्लुकन हे विरघळणारं फायबर कोलेस्टेरॉल कमी करतं, यात वाद नाही. अमेरिकेने 1997 साली तसं लिहायला परवानगी दिली, युरोपनेही पुढे दिली. अट दिवसाला 3 ग्रॅम बीटा-ग्लुकनची. साध्या ओट्समध्ये ते सुमारे 4 टक्के असतं, म्हणजे 3 ग्रॅमसाठी 75 ग्रॅम ओट्स लागतील. आता एखाद्या बारमध्ये 15 ग्रॅम ओट्स आहेत असं धरा. बीटा-ग्लुकन 0.6 ग्रॅम. पूर्ण मात्रेसाठी असे पाच बार, आणि त्यांच्याबरोबर पाच बारांचं सिरप. युरोपात एका भागात निदान 1 ग्रॅम असल्याशिवाय हा दावा करता येत नाही, ती अट शहाणपणाची आहे. पण कायद्याला हात न लावता पळवाट काढता येते: दावा करायचाच नाही, नुसतं ओट्सचं चित्र छापायचं आणि खाली 'संतुलन' लिहायचं. चित्रातल्या घटकाचं प्रमाण युरोपात टक्क्यांत छापावं लागतं, पण ते परिणामाला पुरेसं आहे का, हे चित्राला विचारायचा नियम माझ्या तरी पाहण्यात नाही.

जवसाच्या बारची गोष्ट तर मुळातून सांगण्यासारखी आहे, कारण तो बार खरंच तपासला गेला. अमेरिकेत मेनोपॉजनंतर गरम वाफांचा त्रास असलेल्या 188 स्त्रियांना सहा आठवडे रोज एक बार दिला. निम्म्या जणींच्या बारमध्ये जवस, 410 मिलिग्रॅम लिग्नान या इस्ट्रोजेनसारख्या संयुगासह. उरलेल्यांच्या बारमध्ये जवस नाही. कुणाला काय मिळालंय ते कुणालाच माहीत नव्हतं. जवसवाल्यांचा त्रास कमी झाला. बिनजवसवाल्यांचाही झाला. दोन्ही गटांत तिघींपैकी एकीपेक्षा थोड्या जास्त जणींचा त्रास निम्म्यावर आला आणि दोन गटांत म्हणण्यासारखा फरक राहिला नाही. पोट फुगणं, वायू, हेही दोन्हीकडे. फायबर दोन्ही बारांत होतं ना! हा बार दुकानात असता, तर त्यातल्या एका तृतीयांश बायकांनी शपथेवर सांगितलं असतं की मला गुण आला. आणि त्या खोटं बोलत नसत्या.

इथून मी माझ्या मुद्द्यावर येते. खाऊच्या बाबतीत आपण नेहमी 'यात काय आहे' हे विचारतो. विचारायला हवं ते 'हा कशाच्या बदल्यात'.

लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये बदामांवर एक चाचणी झाली, 2020 साली प्रसिद्ध झाली. 30 ते 70 वयाची 107 माणसं, स्त्रिया आणि पुरुष दोन्ही. सहा आठवडे मधल्या वेळी एका गटाने बदाम खाल्ले, दिवसाच्या उष्मांकांपैकी पाचवा हिस्सा भरेल इतके. दुसऱ्या गटाने तितक्याच उष्मांकांचे छोटे मफिन. मफिन मुद्दाम असे बनवले होते की ब्रिटनमधला सरासरी माणूस मधल्या वेळी जे खातो त्याचीच पोषणमूल्यं त्यांत यावीत. बदाम गटात रक्तवाहिन्या अधिक चांगल्या प्रसरण पावू लागल्या, एलडीएल उतरलं. चाचणीला पैसा कॅलिफोर्नियाच्या बदाम उत्पादकांच्या मंडळाचा. त्यामुळे निकाल खोटा ठरत नाही. उलट मला ही चाचणी प्रामाणिक वाटते, कारण तिने मफिन लपवले नाहीत. बदाम कशाहून चांगले, तर मफिनहून. पण बातमीचा मथळा होतो 'बदाम हृदयाला चांगले' आणि मफिन वाटेतच गळून पडतो. मग आपण काय करतो? मफिन खातोच, वर बदाम खातो. दिवसाला जादा मूठभर बदामांची भर आणि काढून काहीच टाकलेलं नाही, अशी चाचणी त्यांनी घेतलेलीच नव्हती.

स्पेनमधल्या 'प्रेडिमेड' चाचणीत 7,447 लोक होते, निम्म्याहून जास्त स्त्रिया आणि सगळ्या साठीच्या पुढच्या. त्यांतल्या एका गटाला रोज 30 ग्रॅम सुकामेवा होता आणि हृदयविकार-पक्षाघाताच्या घटना कमी झाल्या. तिथेही सुकामेवा एकटा आला नव्हता. भोवतीचं जेवणच बदलायला सांगितलं होतं.

जागेचा हा मुद्दा पदार्थाच्या घडणीलाही लागू होतो. अख्ख्या बदामावर जे उष्मांक छापलेले असतात तेवढे आपल्याला मिळत नाहीत. अमेरिकी कृषी खात्याच्या 2012 च्या मोजणीत 28 ग्रॅम बदामांतून छापील 170 च्या आसपासऐवजी 129 किलोकॅलरीच शरीरात गेल्या. उरलेली चरबी न फुटलेल्या पेशींच्या भिंतींत अडकून तशीच बाहेर पडली. बदाम बारीक वाटून बारमध्ये थापला की त्या भिंती गिरणीतच फुटतात. घटकांच्या यादीत दोन्हीकडे 'बदाम' असंच लिहिलेलं असतं. 2019 साली केविन हॉल या अमेरिकी संशोधकांनी 20 माणसांना एकदा दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं अन्न आणि एकदा दोन आठवडे साधं अन्न दिलं. वाढून दिलेल्या जेवणातले उष्मांक, साखर, चरबी, फायबर दोन्हीकडे जुळवलेलं होतं, आणि हवं तितकं खायची मुभा होती. प्रक्रिया केलेलं खाताना माणसं दिवसाला सुमारे 500 किलोकॅलरी जास्त खात होती. 20 जणांची आणि थोड्या दिवसांची चाचणी, पण हा आकडा मला बारचं वेष्टन फाडताना आठवतो.

कोलाजेन घातलेल्या प्रोटीन बारांबद्दल एवढंच, की कोलाजेनमध्ये ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतं, त्यामुळे प्रथिनांच्या प्रतवारीत त्याला शून्य गुण मिळतात. स्नायू राखायचे म्हणून ते खाणाऱ्या बाईला हे कुणीतरी सांगायला हवं. 'साखर नाही' म्हणणाऱ्या बारमध्ये गोडीसाठी माल्टिटॉल असेल तर उष्मांक आहेत, आणि रक्तातली साखरही थोडी चढतेच.

माझ्या या सगळ्यावर एक आक्षेप मला ओळखीच्या बाईने तोंडावर घेतला आणि तो मला खोडता आला नाही. "तुला चार वाजता बसून बदाम चावायला वेळ आहे," ती म्हणाली. "मी कामाच्या दोन पाळ्यांच्या मध्ये उभ्याउभ्या खाते. मला खिशात राहील असं काहीतरी लागतं." बरोबर आहे. तिच्या खिशात कालपर्यंत चॉकलेट होतं आणि आज ओट्सचा बार आला, तर तिचं भलंच झालं. बदल्यात काय, हा प्रश्न बारच्या बाजूनेही उभा राहू शकतो. म्हणून अशा खाऊवर बंदी घाला, असं मी म्हणणार नाही.

मला हवं आहे ते वेगळं आहे, आणि त्याला सरकारच लागेल; उत्पादक आपण होऊन करणार नाहीत. वेष्टनावर ज्या घटकाचं चित्र किंवा नाव आहे, त्याची मात्रा चित्राच्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरात ग्रॅममध्ये छापली पाहिजे, आणि परिणामासाठी दिवसाला किती लागते तेही. 'मेनोपॉज' हा शब्द छापायचा असेल, तर तयार पदार्थाची चाचणी मेनोपॉज झालेल्या स्त्रियांवर झालेली असावी. तिशीच्या पुरुषांवरची उसनवारी चालू नये. आणि तुलना कशाशी केली, तेही त्या दाव्याच्या वाक्यातच हवं: 'तितक्याच उष्मांकांच्या मफिनऐवजी खाल्ल्यास'. वाक्य लांबेल, विक्री थोडी घटेल. घटू दे.

चाचणी अर्ध्यावर सोडून जाणाऱ्या बायकाही मोजल्या पाहिजेत, कारण त्या फार काही सांगून जातात. अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठाने 235 स्त्रियांवर सुक्या आलूबुखारांची वर्षभराची चाचणी केली, हाडांसाठी. रोज 50 ग्रॅम खाणाऱ्यांच्या नितंबाच्या हाडाची घनता टिकली. रोज 100 ग्रॅमच्या गटातल्या 41 टक्के जणी मधेच सोडून गेल्या. कुठलाही गुणकारी खाऊ शेवटी रोज, वर्षानुवर्षं, कंटाळा न येता खाता यायला हवा; प्रयोगशाळेला जी मात्रा चालते ती जिभेला चालेलच असं नाही.

आणि वेष्टनावर कधीच येणार नाहीत अशा काही गोष्टी आहेत, कारण त्या विकता येत नाहीत. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं की स्नायू साखर ओढून घेतात. आठवड्यातून दोन-तीनदा वजनं उचलली की स्नायू राहतात. एलडीएल बरंच वर असेल तर औषधाबद्दल डॉक्टरांशी नीट बोलायचं, 'या वयात होतंच' म्हणाले तरी खुर्चीवरून उठायचं नाही. हे मी स्वतः शिकले ते त्या दुसऱ्या रिपोर्टनंतर, दुसऱ्या डॉक्टरांकडे.

सध्या माझ्या टेबलाच्या खणात बदामांची बरणी असते. 30 ग्रॅम म्हणजे साधारण 25 बदाम. एकदा काट्यावर ठेवून मोजले, आता मुठीला अंदाज आलाय. चार वाजता तेवढे काढते, एकेक करून चावते. कधी कधी साडेचारला कुणाच्यातरी वाढदिवसाचा केक येतो आणि मी तोही खाते. त्या दिवशी ते 25 बदाम कशाच्याच बदल्यात नसतात.